उस्मानाबादी शेळी आणि ‘रिप्लेस ऑल’

‘धाराशिवी शेळी’ नावाची जात जगात कुठेही नाही. तरी ती एकदा छापून आली, आणि ती ज्या पानावर आली ते पान मीच सोडलं होतं.

झालं असं. एका तालुका वार्ताहराने शेळीपालनावर चांगली बातमी पाठवली होती. उस्मानाबादी शेळी, तिला जुळी करडं होण्याचं प्रमाण, कोरड्या भागात तगून राहण्याची ताकद, सगळं नीट लिहिलेलं. वार्ताहराने ‘उस्मानाबादी’च लिहिलं होतं. मी वाचलं तेव्हाही तेच होतं. मी ‘सेव्ह’ केलं, पान गेलं, आणि सकाळी एका पशुवैद्यकाचा फोन आला, “ही नवीन जात कुठली काढलीत हो?”

त्या ऑफिसात शहरांची नावं बदलल्यावर टाइपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एक यादी टाकली होती. जुनं नाव दिसलं की नवीन घालायचं. कुणाला विचारायचं नाही, दाखवायचं नाही, सेव्ह करताना गुपचूप. (ऑफिसचं नाव सांगत नाही, मी आता तिथे नाही, आणि हा प्रकार फक्त तिथेच झाला असंही नाही.)

आधीच सांगतो, शहराचं नाव काय असावं हा या पोस्टचा विषय नाही. त्यावर कमेंटमध्ये भांडायचं असेल तर कृपया दुसरी भिंत शोधा. माझा विषय वेगळा आहे. यंत्राने चूक दाखवणं आणि यंत्राने चूक परस्पर सुधारणं या दोन गोष्टी आपण एक समजायला लागलोय, आणि त्याची किंमत साध्या माणसाला मोजावी लागते.

शेळीवर हसून सोडता आलं असतं. पण यादी थांबली नाही. बिहारमध्ये औरंगाबाद नावाचा जिल्हा आहे, तिथल्या देव गावचं सूर्यमंदिर प्रसिद्ध आहे, छठपूजेला मोठी गर्दी होते. एजन्सीची बातमी आली आणि बिहारची छठपूजा छत्रपती संभाजीनगरात झाली. सिराज औरंगाबादी हे अठराव्या शतकातले आपल्याच शहरातले कवी. त्यांचं आडनाव काय झालं ते तुम्हीच ओळखा. २०२४ ला लोकसभेच्या वेळी मतदारसंघाचं अधिकृत नाव ‘औरंगाबाद’च होतं, विधानसभेलाही औरंगाबाद पूर्व, मध्य, पश्चिम असंच होतं. कारण मतदारसंघांची नावं वेगळ्या आदेशाने ठरतात, शहराचं नाव बदललं म्हणून ती आपोआप बदलत नाहीत. रेल्वे स्टेशनचंही तसंच. शहराच्या नावाला केंद्राची संमती आली फेब्रुवारी २०२३ ला. जिल्ह्याची, तालुक्याची अधिसूचना निघाली सप्टेंबर २०२३ ला. स्टेशनच्या पाटीवर नवीन नाव चढायला ऑक्टोबर २०२५ उजाडला. तोपर्यंत तिकिटावर ‘औरंगाबाद’ आणि कोड ‘एडब्ल्यूबी’. पेपरात वाचून मोबाइलवर नवीन नावाने स्टेशन शोधणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचं काय होत असेल?

आणखी एक गंमत. जून २०२२ च्या शेवटी आधीच्या सरकारने ‘संभाजीनगर’ ठरवलं, आणि जुलैमध्ये नव्या सरकारने ‘छत्रपती संभाजीनगर’. म्हणून यादीत दुसरा नियम आला, ‘संभाजीनगर’ दिसलं की पुढे ‘छत्रपती’ लाव. ज्याने आधीच पूर्ण नाव लिहिलं होतं त्याच्या बातमीत ‘छत्रपती छत्रपती संभाजीनगर’ झालं. चिंचवडला संभाजीनगर आहे, गावोगावी या नावाच्या वसाहती आहेत, त्यांनाही बढती मिळाली.

मला खरं लागलं ते मात्र जानेवारीतल्या एका लेखात. नामांतराच्या चळवळीत तरुणपण घालवलेल्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने १४ जानेवारीच्या अंकासाठी लेख दिला होता, हाताने लिहिलेला. आम्ही टाइप करून घेतला. यादीत तोवर ‘मराठवाडा विद्यापीठ’ दिसलं की पूर्ण नाव घालायचा नियम आला होता. एरवी तो योग्यच आहे, विद्यापीठाचं नाव पूर्ण लिहिलंच पाहिजे. पण हा लेख १९७८ बद्दल होता. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने ठराव केला की मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यावं. त्यानंतर मराठवाड्यात काय काय झालं, किती घरं जळाली, ते माझ्या वयाच्या लोकांनी आईवडिलांकडून ऐकलंय. १९९४ च्या १४ जानेवारीला नामविस्तार झाला. साडेपंधरा वर्षं. आणि आमच्या पानावर वाक्य छापून आलं ते असं, की डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव झाला.

म्हणजे नाव आधीपासून होतंच. मग लोक भांडले कशासाठी?

त्या काकांनी फोन केला नाही. ऑफिसात आले, अंक टेबलावर ठेवला, त्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, “हे मी नाही लिहिलं.” मी म्हणालो, “काका, सॉफ्टवेअरने झालं.” हे वाक्य मी त्या दिवशी शेवटचं वापरलं. कारण नियम कुणीतरी माणसानेच घातला होता, आणि ‘विचारू नको, थेट बदल’ हेही माणसानेच ठरवलं होतं.

माझी भाची पुण्याच्या एका कंपनीसाठी सिडकोतल्या घरी बसून कोडिंग करते. तिला हे सगळं सांगितलं तर ती हसलीच. “मामा, आमच्याकडे हे भांडण रोजचं आहे. तुमच्या सॉफ्टवेअरला नोक्यूए नाही का?”

तिने समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो. प्रोग्राम लिहिणाऱ्यांकडे ‘लिंटर’ नावाचं साधन असतं. आपल्याकडे मुद्रितशोधक असतो तसं समजा. कोड वाचतं आणि सांगतं, इथे स्वल्पविराम राहिला, ही गोष्ट वर मागवली पण खाली कुठे वापरली नाही, इथे घोटाळा होऊ शकतो. याचं मूळ ‘लिंट’ बेल लॅब्समध्ये स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ ला केलं. (नामांतराच्या ठरावाचंच वर्ष, योगायोग.) लिंट म्हणजे कपड्याला चिकटलेले बारीक धागे. ते जुनं लिंट फक्त बोट दाखवायचं. धागा काढायचा की नाही ते ज्याचा कपडा त्याने ठरवायचं.

पुढची साधनं हुशार झाली. धागा दाखवतात आणि उपटूनही टाकतात. जावास्क्रिप्टवाल्यांचं ईएसलिंट, पायथनवाल्यांचं रफ, सगळ्यांना ‘फिक्स’ म्हणून आज्ञा देता येते. वेळ फार वाचतो, हे भाचीने आधीच कबूल केलं. एखाद्या प्रोजेक्टमध्ये हजार ठिकाणी अवतरणचिन्हं चुकलीत, ती हाताने कोण बसून सुधारणार? पण बऱ्याच टीममध्ये हे ‘फिक्स’ सेव्ह करतानाच चालेल अशी सोय लावून ठेवलेली असते. आणि कधी धाग्याबरोबर शिवणही उसवते.

तिने दिलेलं उदाहरण. प्रोग्रामच्या वरच्या भागात एक फाइल मागवलेली असते. खाली तिचं नाव कुठेच येत नाही. लिंटर म्हणतो, बिनकामाची, काढून टाक. पण काही फाइली नुसत्या मागवल्या तरी काम करतात, कुठेतरी नोंदणी करून ठेवतात. काढली की प्रोग्राम चालू होतो, चूक दिसत नाही, आणि दोन दिवसांनी कळतं की एक भाग मुकाच झालाय. आपल्या घरात गच्चीवर एक व्हॉल्व्ह असतो, त्याला कुठला नळ जोडलाय ते कुणालाच आठवत नाही. नवीन प्लंबर येतो, म्हणतो हा कशाला, आणि काढतो. मग पाण्याचा दिवस येतो. आपल्या शहरात पाण्याचा दिवस किती दिवसांनी येतो ते वेगळं सांगत नाही, पण चूक कळायला तेवढे दिवस जातात.

यावर त्या लोकांनी जे उपाय काढलेत ते मला फार आवडले. पहिला, एखाद्या ओळीपुढे खूण लिहायची, ‘नोक्यूए’. म्हणजे ही ओळ सोड, मी विचार करून लिहिली आहे. दुसरा त्याहून बारीक. नियम चालू ठेवायचा पण त्याची आपोआप दुरुस्ती बंद. लिंटर ओरडेल, पण हात लावणार नाही. रफमध्ये अशी यादीच देता येते, की हे नियम दाखव पण स्वतः सुधारू नकोस. शिवाय रफ दुरुस्त्यांची दोन गटांत विभागणी करतं. अर्थ बदलणार नाही याची खात्री असलेल्या सुरक्षित, आणि बदलू शकेल अशा असुरक्षित. असुरक्षित दुरुस्त्या मुद्दाम सांगितल्याशिवाय होत नाहीत. ईएसलिंटमध्येही ‘फिक्स’ वेगळं आणि ‘सुचवणी’ वेगळी. सुचवणी माणसाने निवडली तरच लागू होते.

इथे कुणी म्हणेल, नुसती पहिली सोय असली तरी पुरे, दुसरी कशाला? मलाही तसंच वाटलं होतं. पण आमच्या डेस्कवर काय झालं ते ऐका. यादीने छळायला लागल्यावर उपसंपादकांनी युक्ती काढली. ‘औरंगाबाद’ लिहायचंच असेल तर ‘औरंगा बाद’ असं मध्ये जागा सोडून लिहायचं. यंत्राला कळत नाही, वाचकाला कळतं. झकास. सहा महिन्यांनी खंडपीठाच्या एका जुन्या निकालाची बातमी संग्रहात शोधायला गेलो तर सापडेना. न्यायालयाच्या आदेशावर नामांतरानंतरही औरंगाबाद खंडपीठ असंच यायचं, म्हणून कुणीतरी दक्षतेने तसं लिहिलं होतं, मधली जागा सोडून. आमच्याच चलाखीने आमचाच संग्रह आंधळा झाला. दुसऱ्या एकाने तर आपल्या मशीनवरचं शुद्धलेखन तपासणं पूर्ण बंद करून टाकलं, कटकटच नको. मग त्याच्या पानावर ऱ्हस्व-दीर्घाचा जो शिमगा झाला तो वाचकांनी पाहिला.

कोडिंगमध्येही हेच होतं म्हणे. दुरुस्ती तेवढी बंद करायची सोय नसली की वैतागलेला माणूस अख्खा नियमच बंद करतो. मग चूक दाखवणारंही कुणी उरत नाही.

याला विरोध करणारे लोक मूर्ख नाहीत. आमचे जुने वृत्तसंपादक म्हणायचे, प्रत्येकाला सूट दिली की पेपर एकाचा राहणार नाही, एका पानावर ‘हिंदी’ तर दुसऱ्यावर ‘हिन्दी’. बरोबर आहे. गो नावाच्या प्रोग्रामिंग भाषेबरोबर जीओएफएमटी नावाचं साधन येतं, ते कोडची मांडणी एकाच साच्यात बसवतं, आवडीनिवडीला जवळपास वाव ठेवत नाही. लोक खूश आहेत, कारण रिकामी जागा किती सोडायची यावरची भांडणं संपली. पण ते मांडणी बदलतं, अर्थाला हात लावत नाही. ‘हिन्दी’चं ‘हिंदी’ करा की खुशाल, मला विचारूही नका. माणसाचं नाव, गावाचं नाव, तारीख, आकडा, कुणाच्या तोंडचं वाक्य, इथे मात्र यंत्राने थांबायचं. आणि सूट मागणाऱ्याने कारण लिहायचं, हेही मला मान्य आहे. ईएसलिंटमध्ये नियम बंद करताना शेजारी कारण लिहायची जागा आहे. ‘१९७८ चा संदर्भ, तेव्हाचं नाव ठेवावं’, एवढी ओळ लिहायला किती वेळ लागतो?

खरं तर आमच्या धंद्यात ही सोय जुनीच. खिळे जुळवायच्या काळात प्रुफावर चुकून खोडलेला शब्द ठेवायचा असेल तर त्याच्याखाली टिंबं द्यायची आणि समासात ‘स्टेट’ लिहायचं. लॅटिन शब्द आहे, अर्थ राहू द्या. संगणक आला आणि ती टिंबं गेली.

मोठमोठ्या कंपन्यांनाही हे उशिराच सुचतं. एक्सेल वापरणाऱ्यांना माहीत आहे, काहीही टाइप करा, त्याला तारखेसारखं दिसलं की तारीख करून टाकतं. माणसाच्या काही जनुकांची नावं ‘मार्च१’, ‘सेप्ट१’ अशी होती. एक्सेल त्यांना १ मार्च, १ सप्टेंबर करायचं. २०१६ ला ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी तपासलं तर एक्सेलमधल्या जनुकयाद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी साधारण पाचव्या हिश्श्यात असल्या चुका निघाल्या. शेवटी २०२० ला नावं ठरवणाऱ्या समितीने जनुकांचीच नावं बदलली. एक्सेलपुढे जनुकांना नमतं घ्यावं लागलं! आपोआप होणारा बदल बंद करायचं बटण मायक्रोसॉफ्टने दिलं २०२३ ला.

शास्त्रज्ञांनी निदान समिती बसवून नावं बदलली. आपल्या काळे आडनावाच्या माणसाने काय करायचं? आधारच्या नोंदणीत नाव इंग्रजीत टाकलं की सॉफ्टवेअर त्याचं मराठी करून देतं. इंग्रजीत ‘ळ’ नाही. ‘ठ’ आणि ‘थ’ दोघांनाही टी आणि एच. काळेचा काले होतो, ठोंबरेचा थोंब्रे. सेव्ह करण्याआधी समोरच्या माणसाला स्क्रीन दाखवून खात्री करून घ्यायची अशी पद्धत आहे, आणि ती अगदी योग्य आहे. पण केंद्रावर मागे चाळीस जण उभे असतात, ऑपरेटर घाईत असतो, आजीला चष्म्याशिवाय दिसत नाही. “बरोबर आहे ना आजी?” “असंल बाबा.” झालं. मग बँकेत एक नाव, सातबाऱ्यावर दुसरं, अनुदान अडकलं की प्रतिज्ञापत्र, राजपत्र, तालुक्याच्या चकरा. आजीने चूक केलेली नसते. तिला ‘राहू द्या’ म्हणायला कुणी वेळ दिलेला नसतो.

आणि विशेष म्हणजे, ज्या महसूल खात्याला आपण रोज शिव्या घालतो त्याच्या कायद्यात हे शहाणपण १९६६ पासून लिहून ठेवलंय. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम १५५, अधिकार अभिलेखातल्या लेखनप्रमादाच्या दुरुस्तीचं. ज्यांचा हितसंबंध आहे त्यांनी चूक मान्य केली असेल तर ती दुरुस्त करता येते. पण महसूल अधिकाऱ्याला स्वतःला तपासणीत चूक दिसली तर? तर संबंधितांना नोटीस दिल्याशिवाय आणि त्यांच्या हरकती निकाली काढल्याशिवाय त्याला ती सुधारता येत नाही. पुन्हा वाचा. अधिकाऱ्याला चूक दिसली आहे, कदाचित त्याचं शंभर टक्के बरोबरही आहे, तरी आधी विचारायचं. फेरफाराचंही तेच. कलम १५० प्रमाणे तलाठ्याने (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, तेही नाव बदललं) नोंद घेतली की प्रत चावडीवर लावायची, संबंधितांना कळवायचं, हरकत आली तर ऐकायची, मग नोंद प्रमाणित करायची. प्रत्यक्षात किती पाळलं जातं तो भाग निराळा. १५५ चा गैरवापर झाल्याच्या तक्रारीही आपण ऐकतो, आणि त्या बहुतेक वेळा याच असतात, की आम्हाला नोटीसच मिळाली नाही. म्हणजे लोकांचा राग दुरुस्तीवर नसतो. न विचारता झाली, यावर असतो.

भाचीला हे कलम वाचून दाखवलं. ती म्हणाली, “मामा, हे तर रफचं असुरक्षित फिक्स झालं.” मी म्हणालो, “उलट म्हण. तुमचं रफ म्हणजे आमचं एकशे पंचावन्न.”

म्हणून माझं म्हणणं एवढंच. जो कुणी कुठलंही सॉफ्टवेअर बनवतोय, विकत घेतोय किंवा ऑफिसात बसवतोय, मग ते पेपरचं असो, बँकेचं, शाळेच्या दाखल्यांचं, नाहीतर कोडचं, त्याने विकणाऱ्याला हे विचारावं. तुमचं यंत्र काय बदलतं ते बदलण्याआधी दाखवतं का? एखादी दुरुस्ती नाकारता येते का, आणि नाकारली तरी इशारा चालू राहतो का? बदल झाला तर मूळ काय होतं त्याची नोंद राहते का? आपल्या शहरात आता पोरं घरी बसून अमेरिकेच्या कंपन्यांचं कोड लिहितात. या तीन गोष्टी त्यांच्या हातात आहेत. नगरपालिकेचं, तहसीलचं, सोसायटीचं काम कधी तुमच्याकडे आलं तर ‘सेव्ह केलं की आपोआप’ असं काही लावण्याआधी नामांतराच्या लेखातली ती ओळ आठवा.

त्या ऑफिसात पुढे यादी काढली नाही, पण सेव्ह करताना बदल पिवळ्या रंगात दिसायला लागले आणि शेजारी ‘ठेवा’ असं बटण आलं. पहिल्या आठवड्यात सगळे कुरकुरले, काम वाढलं म्हणून. काकांच्या लेखाची दुरुस्ती आम्ही दुसऱ्या दिवशी छापली, आतल्या पानावर, दोन ओळींची. लेख पहिल्या पानावर होता.

तुमच्या नावाचं, गावाचं, गट नंबरचं असं परस्पर काही ‘सुधारलं’ गेलं असेल तर कमेंटमध्ये लिहा, पुढची बातमी त्यावरच करतोय. फक्त आधार नंबर आणि कागदाचे फोटो कमेंटमध्ये टाकू नका, इनबॉक्सला पाठवा.